‘आपल्या सोयीने पाठवा’ असं लिहिणाऱ्या मॅडम

काम सगळ्यांनी मिळून घेतलेलं असतं आणि बाकीच्यांनी आपापला वाटा दिलेला नसतो. मागायला संकोच वाटतो, न मागावं तर झोप उडते आणि शेवटी ‘जाऊ दे, मीच करते’ म्हणून सगळं अंगावर घेतलं जातं. ही तक्रार घेऊन समुपदेशनासाठी माझ्याकडे सोसायटीचे सेक्रेटरी येतात, स्नेहसंमेलन गळ्यात पडलेल्या शिक्षिका येतात, आईच्या औषधपाण्याचा खर्च भावंडांत वाटून घेतलेली थोरली बहीण येते. ‘मागितलं तर संबंध बिघडतील का?’ हा प्रश्न सगळ्यांचा सारखाच असतो. त्यावर मी इथे एका मॅडमची गोष्ट सांगणार आहे. त्यांच्या कामाचा विषय बहुतेकांना लांबचा वाटेल: जुन्या काळातला पाऊस. त्यांची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मॅडम नाशिकच्या एका कॉलेजात भूगोल शिकवतात. गोदावरीच्या वरच्या खोऱ्यात गेल्या काही हजार वर्षांत पाऊसमान कसं बदलत गेलं, यावर अकरा जणांनी मिळून शोधनिबंध लिहायचं ठरलं होतं. त्या काळच्या पावसाचा अंदाज यावा म्हणून कुणी तळ्याच्या गाळातले परागकण पाहणार, कुणी सागाच्या खोडातली वर्तुळं मोजणार, कुणी मोडी कागदांतून दुष्काळाच्या नोंदी काढणार. एका विद्यार्थिनीकडे अलीकडच्या पुरांच्या बातम्या होत्या. आपल्याकडे पूर सांगतात तो गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून: कमरेला पाणी, छातीला पाणी, असा. त्याचे मीटर करायचं काम तिचं. (तिने ते सगळ्यांच्या आधी दिलं. वयाने सगळ्यात लहान तीच, हा योगायोग नसावा.) सगळ्यांचे तक्ते गोळा करून एकत्र बसवणं मॅडमकडे होतं आणि ठरलेली तारीख उलटून बरेच महिने झाले होते.

त्या आल्या त्या ॲसिडिटीची तक्रार घेऊन, डॉक्टरांनी पाठवलं म्हणून. पहाटे तीनला जाग, मुलावर चिडचिड, फोन वाजला की छातीत धस्स. त्यात कॉलेजात नॅकची, म्हणजे कॉलेजच्या दर्जाच्या तपासणीची, तयारी. ‘मला लोकांकडून काम करून घेता येत नाही, मी कमी पडते,’ असा त्यांनी स्वतःवर निकालही देऊन टाकला होता. अशा निकालावर मी लगेच वाद घालत नाही. मी म्हटलं, तुम्ही पाठवलेली शेवटची मेल मला वाचून दाखवा.

‘आदरणीय सर्वांस सविनय नमस्कार. आपण सर्व आपापल्या व्यापात आहात याची कल्पना आहे. तरी आपल्या सोयीने, जसा वेळ मिळेल तसा, आपला मजकूर पाठवल्यास बरे होईल. तसदीबद्दल क्षमस्व.’

मेल सगळ्यांना एकत्र गेली होती. त्याआधीच्या तीनही थोड्याफार फरकाने अशाच. व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडलेली चित्रं आणि ‘नक्की मॅडम’ एवढंच आलं होतं.

या मेलमध्ये तारीख नव्हती, काय पाठवायचं ते नव्हतं आणि ती नेमकी कुणासाठी होती तेही कळत नव्हतं. १९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. इंटरकॉमवर एका माणसाला झटका आल्याचं ऐकू येत होतं. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले ८५ टक्के वेळेत मदतीला धावले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटणाऱ्यांपैकी फक्त ३१ टक्के. जिवावरच्या प्रसंगात ही तऱ्हा, तर परागकणांच्या तक्त्यासाठी कोण उठणार? मॅडमना हे ऐकून बरं वाटलं. लोक आपल्याला किंमत देत नाहीत, हे सोडून त्यांनी दुसरं कुठलंही कारण आजवर मनात आणलंच नव्हतं.

मग मी भिशीबद्दल विचारलं. मॅडम त्यांच्या कॉलनीतली भिशी चालवतात हे बोलण्यात आलं होतं. हप्ता उशिरा आला तर काय करता? ‘फोन करते. दहा तारखेनंतर दंड, सगळ्यांना माहीत आहे.’ तेव्हा वाईट वाटतं? ‘त्यात काय वाईट वाटायचं!’ हे म्हणताना त्यांचा आवाजच वेगळा होता. नियम आधी ठरला असेल तर मागणारी बाई वाईट ठरत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. फक्त शोधनिबंधाला असा नियम कुणी केलाच नव्हता.

एक गोष्ट मात्र मी मान्य केली. लेखकांत त्यांचे पीएच.डी.चे गाईड होते आणि बढतीच्या मुलाखतीत त्यांच्या शब्दाला वजन असतं. ‘आत्मविश्वास वाढवा, सरांना ठणकावून सांगा’ असला सल्ला देणाऱ्याला आपली कॉलेजं माहीत नाहीत. मॅडमची भीती निम्मी खरी होती. म्हणून ठणकावण्याऐवजी चौकशी करायचं ठरलं. राहिलेल्या प्रत्येकाला वेगळा फोन करायचा आणि ‘कधी देता?’ असं न विचारता ‘कुठे अडलंय?’ असं विचारायचं. आम्ही आधी तालीम केली. मी कधी सर झाले, कधी इतिहासाचे प्राध्यापक. तालमीत मॅडम दर वाक्याला ‘सॉरी’ म्हणत होत्या. तेवढा एक शब्द काढायला एक अख्खी बैठक गेली.

पहिला फोन इतिहासवाल्यांना. ते आळस करत असतील अशी मॅडमची खात्री होती. प्रत्यक्षात गृहस्थांनी चाळीस पानं लिहून ठेवली होती आणि अजून लिहीत होते. मॅडमना हवा होता दोन रकान्यांचा तक्ता: साल आणि दुष्काळाची तीव्रता. नेमका ‘साल’ हाच रकाना त्यांना छळत होता. मराठेशाहीतल्या कागदांवर सुहूर सन असतो. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. कारण हे वर्ष मृगाला, म्हणजे आपल्या जूनच्या सुमारास, सुरू होतं आणि पुढच्या मृगापर्यंत चालतं. पावसाचा हिशेब ठेवायला याहून सोयीचं वर्ष नाही. पण नोंद पौषातली असेल तर ती इसवी सनाच्या कुठल्या घरात टाकायची? शक असेल तर मिळवायचे ७८ की ७९? ‘मॅडम, तुम्ही विचाराल म्हणून मी थांबलो होतो,’ ते म्हणाले. तीन रकाने करायचे ठरले: मूळ नोंद, इसवी सुरुवात, इसवी शेवट. आठवड्याभरात तक्ता आला. ती चाळीस पानं ते स्वतंत्र छापणार आहेत.

दुसरे गाळवाले मित्र. सुरुवातीला त्यांनी उडवाउडवी केली, मग मोकळे झाले. त्यांचं काम पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचं. किरणोत्सारी कार्बनवरून येणारं वय थेट दिनदर्शिकेचं वर्ष नसतं, एका ठरलेल्या वक्राच्या, म्हणजे आलेखातल्या रेषेच्या, आधाराने ते बदलून घ्यावं लागतं. आणि तो वक्र २०१३ मध्ये व पुन्हा २०२० मध्ये सुधारला गेला. म्हणजे सगळी वयं नव्याने काढायला हवीत. त्यासाठी लागणारे मूळ आकडे जुन्या संगणकाबरोबर गेले होते. ‘चार लोकांत हे कसं सांगायचं?’ शेवटी प्रयोगशाळेकडून आलेले मूळ अहवाल घरच्या फायलीत सापडले. वयं नव्याने निघाली. आणखी एक घोळही लक्षात आला: त्या शास्त्रात ‘आजपासून इतकी वर्षं’ म्हणताना ‘आज’ म्हणजे १९५० धरतात, तर दुसऱ्या एकाने २००० पासून मोजलं होतं. ते तसंच एकत्र बसवलं असतं तर एकच दुष्काळ पन्नास वर्षांच्या अंतराने दोनदा दिसला असता.

यात माझ्या विषयाचं काय आहे, असं कुणी विचारेल. उशीर करणारा बहुतेक वेळा काहीतरी झाकत असतो आणि झाकलेलं सहसा लाजेचं असतं. सगळ्यांना पाठवलेल्या मेलला तो उत्तर देणार नाही. एकट्याला केलेल्या फोनवर बोलेल. शिवाय माणसाचा वेळेचा अंदाजच कच्चा असतो. १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पुरा होईल ते विचारलं. सरासरी अंदाज ३४ दिवसांचा होता, लागले ५५. ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ म्हणणारा खोटं बोलत नसतो, त्याला तसं खरंच वाटत असतं.

आणि सर. प्रस्तावना त्यांच्याकडे होती. फोनवर घोडं अडलं म्हणून मॅडम त्यांच्या घरी गेल्या. तासाभराने कारण समजलं. पुणे जिल्ह्यातल्या घोड नदीकाठच्या इनामगावची प्राचीन वस्ती इ.स.पू. ७०० च्या सुमारास उठली, कारण हवामान कोरडं होत गेलं, असं डेक्कन कॉलेजच्या उत्खननानंतर मांडलं गेलं. सरांनी ते आयुष्यभर शिकवलं. आता जमलेल्या तक्त्यांतून ते तितकं सरळ निघेल असं त्यांना वाटत नव्हतं. प्रस्तावना लिहायची म्हणजे आपणच शिकवलेल्यावर प्रश्नचिन्ह लावायचं. मॅडम म्हणाल्या, ‘सर, तेव्हा तसं का वाटलं, एवढंच सांगा. मी उतरवून घेते.’ सर बोलत गेले. मेघालयातल्या मॉम्लू गुहेतल्या चुन्याच्या स्तंभावरून ४,२०० वर्षांपूर्वीच्या कोरड्या पर्वाला २०१८ मध्ये ‘मेघालयन’ या भूवैज्ञानिक कालखंडाची सुरुवात मानलं गेलं, त्यावरही बोलले. प्रस्तावना त्या बोलण्यातूनच झाली. मला स्वतःला या साऱ्या प्रकरणात हा भाग सगळ्यात आवडतो. मॅडमना मात्र अजून वाटतं की त्यांनी सरांना त्रास दिला. असू दे.

उरलेल्यांना मग नवं पत्र गेलं, प्रत्येकाला वेगळं. ते मी मुद्दाम देते, कारण अनेकांना कामाला येईल:

‘सोबत रिकामा तक्ता जोडला आहे. त्यात तुमच्या फक्त चार रकान्यांची माहिती हवी आहे. १५ तारखेपर्यंत येऊ शकेल का? जमणार नसेल तर तसं दोन ओळींत कळवा, मी ती नोंद वगळून पुढे जाईन आणि माझा काहीही राग नसेल. १५ पर्यंत काहीच कळलं नाही, तर वगळायला सांगितलं असं समजेन.’

‘नाही’ म्हणायची वाट आधीच उघडी ठेवली की ‘हो’ म्हणणंही सोपं जातं. दोघांनी तक्ता पाठवला, एकाने ‘जमणार नाही’ असं कळवलं. ‘नाही’ म्हणणाऱ्याने पुढे आपणहून इतरांचे आकडे तपासून दिले. रिकाम्या तक्त्याची कल्पना मॅडमची. जुन्या हवामानाचा अभ्यास करणाऱ्या ‘पेजेस टू के’ या आंतरराष्ट्रीय गटाने २०१७ मध्ये जगभरच्या ६४८ ठिकाणांवरच्या ६९२ नोंदी एकाच साच्यात बसवून प्रसिद्ध केल्या होत्या, ते त्यांना आठवलं.

एकाने काहीच कळवलं नाही. त्यांचं नाव लेखकांत ठेवायचं का, हा प्रश्न मॅडमनी मला विचारला. तो मला इतरही विचारतात, म्हणून सांगते. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी लेखक कुणाला म्हणायचं याच्या चार अटी घातल्या आहेत आणि इतर शाखाही त्यांचा आधार घेतात. कामात भरीव वाटा, लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला संमती आणि सगळ्या कामाची जबाबदारी घेण्याची तयारी. चारही लागतात. जो फोनच उचलत नाही त्याची संमती आणायची कुठून? मॅडमनी त्यांचा न आलेला तक्ता वगळला, त्यांची आधी छापलेली नोंद मात्र रीतसर संदर्भ देऊन वापरली, लेखकांतून नाव काढलं आणि तसं त्यांना लेखी कळवलं. भीड भिकेची बहीण म्हणतात. ती मोडायला त्या दिवशी मॅडमना दोनदा पाणी प्यावं लागलं, असं त्यांनीच सांगितलं.

निबंध आता परीक्षकांकडे आहे. ॲसिडिटीची गोळी डॉक्टरांनी कमी केली आहे, बंद केलेली नाही. पुढच्या निबंधासाठी त्या गप्प राहिलेल्या गृहस्थांना पुन्हा विचारायचं का, हे मॅडमचं ठरत नाहीये. मला विचाराल तर विचारावं; फक्त पहिल्याच दिवशी तारीख आणि रिकामा तक्ता हातात द्यावा.