गाडी विकायची आहे, पण टॅक्स थकलाय

या वेळच्या टपालात जुन्या गाड्यांच्या विक्रीबद्दलचे प्रश्न बरेच आले. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : माझी केए-२३ पासिंगची पेट्रोल कार २००९ सालची. पंच्याऐंशी हजाराला सौदा ठरला. गिऱ्हाइकानं मोबाइलवर नंबर घालून बघितलं आणि "टॅक्स संपलाय, मला नको" म्हणून पाठ फिरवली. मी तर गाडी घेतानाच लाइफटाइम टॅक्स भरलाय. मग तो संपला कसा? आरसीची (नोंदणी प्रमाणपत्राची) मुदत संपून दीड वर्ष झालं, हे मात्र खरं.
— वाचक, निपाणी

उत्तर : तुमचा लाइफटाइम टॅक्स शाबूत आहे. संपलीय ती नोंदणी. खासगी गाडीची आरसी पहिल्यांदा पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. कर्नाटकात त्याच वेळी ग्रीन टॅक्सही, म्हणजे जुन्या गाडीवरचा पर्यावरण कर, भरावा लागतो. गिऱ्हाइकाला हे सगळं एकच वाटतं, आणि एजंटही सगळ्याला 'टॅक्स' म्हणूनच हाक मारतात. त्यातून घोटाळा होतो.

हिशेब असा. चारचाकीला पाच वर्षांचा ग्रीन टॅक्स ५०० रुपये. कारच्या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये. उशिराबद्दल महिन्याला ५०० रुपये, म्हणजे अठरा महिन्यांचे ९,०००. एकूण साडेचौदा हजार. विमा, पीयूसी आणि नंबर प्लेट याशिवाय. खरी टोचणी त्या ९,००० ची आहे. मुदत संपण्याआधी साठ दिवसांत अर्ज करता येतो. तेव्हा केला असता तर हे पैसे वाचले असते. आता निदान आणखी महिने घालवू नका. गाडी वीस वर्षांची झाली की २०२५ च्या नव्या दरानं हीच फी १०,००० होते.

नूतनीकरण झाल्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होणार नाही. दरम्यान ती रस्त्यावर आणलीत तर कायद्याच्या दृष्टीनं ती बिननोंदणीची गाडी. दंड पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत.

क्रम चुकला की चिकोडीच्या आरटीओत दोन-तीन खेपा होतात. आधी परिवहन खात्याच्या 'वाहन' पोर्टलवर स्वतःचा मोबाइल नंबर चालू आहे का ते बघा. २००९ साली दिलेला नंबर आज कुणाच्या खिशात असेल सांगता येत नाही, आणि ओटीपी तिकडेच जाणार. नंबर बदलताना आरसीवरचं आणि आधारवरचं नाव जुळावं लागतं. आपल्या भागात इथंच माशी शिंकते. कन्नडवरून इंग्रजीत आणताना आडनावाचं एखादं अक्षर वाढलेलं असतं, किंवा वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर असतं. तसं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या. आरसीवर 'बेळगाव' आणि आधारवर 'बेळगावी' असेल तर घाबरू नका, २०१४ साली नावच बदललं.

मग निदान थर्ड पार्टी विमा, मग पीयूसी. १ एप्रिल २०१९ आधीची गाडी असल्यामुळे एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट लागेल. त्यानंतर पोर्टलवर फॉर्म २५ (नूतनीकरणाचा अर्ज) आणि फी भरून गाडी तपासणीला न्यायची.

तपासणीत बहुतेक गाड्या ब्रेक, हँडब्रेक, हेडलाइट, वायपर आणि टायरवर अडतात. ती कामं गॅरेजात अर्ध्या दिवसात होतात. अवघड जातं ते चेसिस नंबरचं. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीचा नंबर गंजाखाली जातो. रॉकेलच्या फडक्यानं हळूहळू पुसा. वायर ब्रश किंवा ग्राइंडर लावू नका. अंक झिजले तर निरीक्षकाला खाडाखोडीचा संशय येतो आणि मग प्रकरण लांबतं. इंजिन बदललं असेल, गॅस किट बसवलं असेल किंवा रंग बदलला असेल आणि आरसीवर नोंद नसेल, तर ती नोंद आधी करून घ्यावी लागते.

पंच्याऐंशी हजारांच्या गाडीवर इतका खर्च करावा का? गाडीचा पत्रा आणि इंजिन चांगलं असेल तर जरूर करावा. कागद पूर्ण असलेल्या गाडीला गिऱ्हाईक भाव पाडून मागत नाही. 'तुम्हीच भरून घ्या, पंधरा हजार कमी द्या' असा सौदा मात्र करू नका. नूतनीकरणाचा अर्ज नोंदणीकृत मालकाच्या नावानंच होतो. गाडी गेल्यावर तुम्ही त्याच्या मागे आणि तो तुमच्या मागे, असं होऊन बसतं.

प्रश्न : नोकरीनिमित्त कोल्हापूरला होतो तेव्हा एमएच-०९ पासिंगची गाडी घेतली. चार वर्षं झाली, बेळगावातच आहे. कर्नाटकचा टॅक्स भरलेला नाही. आता इथल्याच वडगावच्या ओळखीच्याला विकायची आहे. आधी माझ्या नावावर केए-२२ करून मग विकायची का?
— वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : दोनदा खर्च करायची गरज नाही. खरेदीदार कर्नाटकातला आहे, तर तुम्ही कोल्हापूरच्या आरटीओकडून एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) काढायची. त्या एनओसीवर बेळगावात नवा नंबर आणि नावाची बदली ही दोन्ही कामं खरेदीदाराच्या नावानं एकदमच होतात.

एनओसीसाठी फॉर्म २८, चेसिस नंबरचा पेन्सिलनं घेतलेला ठसा, चालू विमा, पीयूसी. महाराष्ट्राची ई-चलनं शिल्लक असतील तर ती आधी भरून टाका. कर्ज काढून घेतलेली गाडी असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवा. हप्ते फिटले म्हणून बोजा आपोआप गेला, असं समजू नका. आरसीवर बँकेचं नाव दिसतंय तोवर बँकेच्या संमतीशिवाय एनओसी निघणार नाही. शासनाचं काही देणं नाही आणि गाडी चोरीची नाही, हे बघूनच एनओसी द्यायची असं कायद्यातच आहे. त्यामुळे महाराष्ट्राकडचं काही थकलं असेल तर ते इथंच उघडं पडतं.

पुढं बेळगावात फॉर्म २७ नव्या नंबरासाठी, फॉर्म २९ आणि ३० नावाच्या बदलीसाठी. आपल्याकडे यांनाच 'टीटी फॉर्म' म्हणतात. विक्री दुसऱ्या राज्यात झाली तर विकणाऱ्यानं ४५ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत.

टॅक्स किती, हा खरा प्रश्न. कर्नाटकात कारचा लाइफटाइम टॅक्स पाच लाखांपर्यंतच्या किमतीला १३ टक्के, दहा लाखांपर्यंत १४, वीस लाखांपर्यंत १७ आणि त्यावर १८ टक्के. शिवाय उपकर. बाहेरून आलेल्या गाडीला वयानुसार सूट मिळते. पण लोक चुकतात ते एका गोष्टीत. हा टॅक्स गाडीच्या नव्या किमतीवर लागतो, तुमच्या सौद्याच्या किमतीवर नाही. सात लाखांना घेतलेली गाडी तुम्ही अडीच लाखांना विकलीत तरी हिशेब सात लाखांपासून सुरू होतो. सात लाखांचे १४ टक्के म्हणजे ९८ हजार, त्यातून वयाची वजावट. म्हणून मूळ इनव्हॉइस शोधून ठेवा. आणि हा आकडा सौदा करण्याआधी काढा, कारण वडगावच्या तुमच्या ओळखीच्यानं तो धरलेला नसणार.

बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथं नोंद करावी लागते, हे तुमच्याकडून राहिलंच. त्याबद्दल इथं विचारणा होऊ शकते. मागची तारीख टाकून करारपत्र करण्याच्या फंदात पडू नका. विम्याच्या आणि फास्टॅगच्या नोंदींवरून गाडी कुठं फिरत होती ते सहज कळतं.

गाडीला चंदगड, गडहिंग्लज किंवा कागलकडचं गिऱ्हाईक मिळालं तर पत्रास कारण नाही. एनओसीही नको आणि नवा टॅक्सही नको. राज्यातल्या राज्यात नाव बदलतं. सीमेवर राहण्याचा हा एक फायदा आहे. पाच-दहा हजार कमी आले तरी हिशेब करून बघा.

आणखी एक. महाराष्ट्रात एकरकमी भरलेल्या टॅक्सचा उरलेला काही भाग गाडी कायमची राज्याबाहेर गेल्यावर परत मागता येतो. त्यासाठी नव्या नोंदणीचे आणि इथं भरलेल्या टॅक्सचे कागद लागतात, आणि ते असणार खरेदीदाराकडे. त्यांच्या प्रती द्यायच्या आणि परतावा कुणी घ्यायचा, हे करारपत्रात लिहून घ्या.

प्रश्न : पिवळ्या बोर्डाची (भाड्यानं चालवायची) गाडी दीड वर्ष दारात उभी आहे. रस्त्यावर आणलीच नाही, तरी सहा तिमाहींचा टॅक्स दाखवतोय. विकताना तो भरावाच लागेल का?
— वाचक, खानापूर

उत्तर : भरावाच लागेल. प्रवासी किंवा मालवाहू गाडीचा तिमाही टॅक्स गाडी फिरवली म्हणून लागत नाही, ती वापरासाठी ठेवलेली आहे म्हणून लागतो. गाडी उभी ठेवायची असेल तर आरटीओला आधी लेखी कळवून कागद जमा करायचे असतात. त्यालाच 'नॉन-यूज' म्हणतात. मागाहून गॅरेजवाल्याचं पत्र आणून भागत नाही.

थकबाकीवर दंड चढत असतो. तो नेमका किती, ते पोर्टलवर टॅक्स भरायच्या पानावर नंबर घातला की दिसतं. एजंटानं सांगितलेला आकडा आणि तो आकडा एकच आहे का, ते स्वतः बघा. शिवाय फिटनेसची (गाडी रस्त्यायोग्य असल्याच्या दाखल्याची) मुदत संपली असेल तर त्या दिवसापासून रोज ५० रुपये. दीड वर्षाचे म्हणजे सुमारे सत्तावीस हजार. बऱ्याच जणांच्या डोक्यात फक्त टॅक्स असतो आणि हा आकडा ऐकून ते खाली बसतात.

घेणाऱ्या वाचकांसाठीही हे सांगायला हवं. न भरलेला टॅक्स गाडीबरोबर येतो. जुन्या मालकानं थकवलेली रक्कम नव्या मालकाकडूनही वसूल होऊ शकते. टॅक्स, फिटनेस आणि परमिट या तिन्हींच्या तारखा बघितल्याशिवाय विसारही देऊ नये. पिवळा बोर्ड काढून पांढरा करायचा असेल तर परमिट सरेंडर, थकबाकी शून्य, आणि मग वयानुसार लाइफटाइम टॅक्स.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी गाडी एका मध्यस्थाला दिली. कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या केल्या, पैसे मिळाले. आता माझ्या नावावर चलनं येतात. गाडी कुणाकडे आहे ते मध्यस्थही सांगत नाही.
— वाचक, हुक्केरी

उत्तर : कागदावर गाडी अजून तुमचीच आहे. चलनाचं एक वेळ सोडा. त्या गाडीनं अपघात केला तर नुकसानभरपाईचा दावा नोंदणीकृत मालकावर येतो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली हेच सांगितलं. तिथं गाडी एकामागून एक अनेक हातांतून गेली होती, तरी जबाबदारी आरटीओच्या दप्तरात नाव असलेल्या पहिल्या मालकावर आली.

आज करायचं ते असं. पोर्टलवर गाडीचा विमा चालू आहे का बघा. विमा चालू नसेल तर धोका दुप्पट, कारण भरपाई देणारं कुणीच उरत नाही. चलनांवरचे फोटो आणि ठिकाणं उतरवून घ्या, गाडी कुठल्या भागात फिरते ते त्यातून कळतं. मध्यस्थाला रजिस्टर्ड पोस्टानं नोटीस पाठवा. पैसे मिळाल्याचा बँकेचा पुरावा जोडून नोंदणी असलेल्या आरटीओत विक्रीची लेखी सूचना द्या आणि पोहोच घ्या. पोलिसांत अर्ज देऊन त्याचीही पोहोच घ्या. यानं जबाबदारी लगेच सुटत नाही, पण तुम्ही गप्प बसला नव्हता हे दिसतं.

पुढच्या गाडीच्या वेळी कोऱ्या फॉर्मवर सही नको. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख आणि ताबा दिल्याची वेळ भरल्यावरच सही करा. मध्यस्थाला गाडी द्यायचीच असेल तर आरटीओकडे नोंदलेल्या अधिकृत डीलरला द्या. १ एप्रिल २०२३ पासून अशा डीलरला गाडी दिल्याचं फॉर्म २९सी नं कळवता येतं. त्यानंतर विकली जाईपर्यंत गाडीची जबाबदारी डीलरची. रस्त्याकडेला चार गाड्या लावून बसलेला प्रत्येक जण अधिकृत असतोच असं नाही, त्याचं प्रमाणपत्र मागा.

प्रश्न : वडील वारले. गाडी त्यांच्या नावावर आहे, ग्रीन टॅक्सही राहिलाय. थेट गिऱ्हाइकाच्या नावावर होईल का?
— वाचक, चिकोडी

उत्तर : नाही. आधी वारसाच्या नावावर, मग गिऱ्हाइकाच्या. मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरायचा. सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. बहिणींच्या सह्या राहिल्या म्हणून अडलेल्या फायली पुष्कळ. ग्रीन टॅक्स आणि नूतनीकरण याच खेपेला उरकून घ्या.

प्रश्न : गाडी विकली, नावही बदललं. पण हत्तरगी नाक्यावर माझ्या खात्यातून पैसे कापले जातात.
— वाचक, संकेश्वर

उत्तर : फास्टॅग तुमच्याच नावावर राहिलाय. ज्या बँकेचा टॅग आहे तिथं सांगून तो बंद करा, उरलेली रक्कम परत मिळते. नवा मालक दुसरा टॅग घेऊ शकत नसेल तर त्याचं कारणही हेच. एका गाडीला एकच टॅग चालतो. आणि विम्याचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गाडीबरोबर जात नाही, तो तुमचा आहे. कंपनीकडून त्याचं पत्र घेऊन ठेवा, तीन वर्षांच्या आत नवी गाडी घेतलीत तर उपयोगी पडेल.