वर्गात अहिराणी, पावरी, गुजरी बोलणारी मुलं आहेत, एकमेकांत मिसळत नाहीत. गणितातून त्यांची गट्टी जमेल का?

जमेल. पण "गणिताला भाषा लागत नाही" असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. मी शहादा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला शिकवते. पहिल्या वर्षी सरळ शाब्दिक उदाहरणं घेतली. "किती उरले?" म्हटलं की पावरा मुलं, म्हणजे पावरी बोलणारी आदिवासी मुलं, खाली मान घालून बसायची. वजाबाकी येत होती त्यांना, 'उरले' कळत नव्हतं.

आता मी आधी चिंचोके काढते, शब्द मागाहून.

मराठी आकड्यांची मेख तुम्हाला ठाऊकच असेल. 'त्रेसष्ट' म्हणताना तीन आधी, लिहिताना सहा आधी, म्हणून मुलं ३६ लिहून मोकळी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात त्रेसष्टच्या जोडीला 'साठ तीन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! माझ्या वर्गाला मात्र त्याचा आधारच झाला.

एकदा तिघांच्या गटाला ६३ चिंचोके दिले. अहिराणी पोरगा विचारतोय, "कितला शेतस?" म्हणजे किती आहेत? गुजर घरातल्या मुलीनं दहा-दहाचे ढीग मांडले. सहा ढीग, वर तीन. जूनपासून तोंड न उघडलेल्या पावरा मुलीनं हात पुढे केला आणि दोन-दोन ढीग एकत्र ढकलले. झाले तीन. तिची आजी विसानं मोजते: तीन विसा, वर तीन. बाकी दोघांनी ढीग फोडून पुन्हा मोजले. बरोबर! मधल्या सुट्टीत दोघंही तिच्यामागे, तुमच्यात दहाला काय म्हणतात, विसाला काय म्हणतात. एवढं बोलताना मी तिला पहिल्यांदा पाहिलं.

तुम्हीही गट तिघांचेच करा, एका बोलीची दोन मुलं एका गटात नकोत. एक ते वीस आकडे प्रत्येक बोलीत मुलांकडूनच घेऊन भिंतीवर लावा. तुमचा उच्चार चुकला तर ती सुधारतील, आणि त्यात त्यांना जो आनंद होतो तो बघाच. उदाहरणंही त्यांनाच घालू द्या. आईनं किती किलो कापूस वेचला, मिरचीची किती पोती भरली, हे त्यांना तोंडपाठ असतं.

आणि हे दिवाळीच्या आत सुरू करा. नंतर बरीच कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि गटातली तिसरी जागा रिकामी होते.