वडिलांच्या जुन्या कॅसेट भंगारात द्याव्यात का? की मोबाईलमध्ये घेता येतील?

भंगारात देऊ नका. निदान ऐकल्याशिवाय तरी देऊ नका. प्रश्नात "तसंही आता सगळं ऑनलाइन मिळतं" असं तुम्ही सहज लिहून गेलात. त्याच वाक्यावरून आमच्या घरी दोघं भाऊ चार महिने एकमेकांशी बोलत नव्हते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. बाबा गावच्या भजन मंडळात खंजिरी वाजवायचे. तुकडोजी महाराजांची भजनं म्हणणारी मंडळं आमच्याकडे गावोगाव आहेत. महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीच्या त्यांच्या आश्रमात जाणं जमलं नाही तर बाबा संध्याकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी, म्हणजे महाराज गेले त्या वेळेला, वावरात हातातलं काम टाकून उभे राहायचे. १९९२ च्या हिवाळ्यात एका रात्री आमच्या माजघरात मंडळाची भजनं टेप केली. कोरी कॅसेट गावात कुठली मिळायला? काकाची सिनेमाच्या गाण्यांची कॅसेट घेतली. विकतच्या कॅसेटच्या वरच्या कडेला दोन भोकं असतात, त्यामुळे तिच्यावर टेप होत नाही. बाबांनी त्यांत कागदाचे बोळे कोंबून वरून चिकटपट्टी मारली. म्हणून आजही दुसरी बाजू लावली की आधी सिनेमाच्या गाण्याची अर्धी ओळ येते, मग खट् आवाज आणि एकदम खंजिरी. मध्ये एकदा आईचा आवाज येतो, "चहा मांडू का?" बाबा कडवं न तोडता नुसतं "हं" म्हणतात. आई २०११ ला गेली. तिच्या आवाजाचं आमच्याकडे एवढंच आहे.

बाबा गेले त्या वर्षीची दिवाळी. धाकटा पुण्याहून आला आणि घर साफ करायला निघाला. मी वावरातून येईपर्यंत टू-इन-वन (रेडिओ आणि टेप एकत्र) आणि चाळीसेक कॅसेट भंगारवाल्याच्या गाड्यावर गेल्या होत्या. मी विचारलं तर म्हणे, "तुकडोजी महाराजांची सगळी भजनं यूट्यूबवर हाय ना दादा, हे डबडं कायले पायजे?" अरे, महाराजांची असतील बे, बाबाची कुठं हायेत? तसाच गाडीला किक मारली आणि दोन गावं पुढे भंगारवाल्याला गाठलं. त्याने वजनावर घेतलं होतं, मी नगावर सोडवलं. माझी घाई पाहून त्याने भाव लावला, त्यात त्याची चूक नाही.

घरी आणून लावलं तर लाइट लागला, मोटर घुरघुरली, पण चाक फिरेना. उघडून पाहिलं तर आतला रबरी बेल्ट वितळून डांबरासारखा झालेला. बोटाला लागला तो दोन दिवस निघाला नाही. तालुक्याचा मेकॅनिक आता फक्त मिक्सर आणि कूलर करतो, तो म्हणाला "फेका". मग मीच स्पिरिटने पुलीवरची ती घाण काढली आणि आधी साधं रबर बँड लावून पाहिलं. बाबांचा आवाज पाण्यात बुडाल्यासारखा हेलकावे खायला लागला. ते करू नका. पुल्यांभोवती दोरा गुंडाळून माप घेतलं आणि अमरावतीहून त्या मापाचा बेल्ट आणला.

आता चाललं, पण आवाज बारीक आणि घाईचा. बऱ्याच टेपच्या मोटरला मागे एक बारीक भोक असतं, आतला स्क्रू फिरवला की गती कमीजास्त होते. पण बरोबर गती कोणती हे कळणार कसं? मंडळाची पेटी अजून आमच्याच घरी आहे, आणि बाबांचा सूर काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी. बायकोने पेटीवर काळी एक दाबून धरली, मी स्क्रू केसाकेसाने फिरवत गेलो. दोन्ही सूर जुळले तेव्हा ती भाता मारायची थांबली आणि टेपमधली पेटी तशीच पुढे वाजत राहिली.

वर्षश्राद्धाला धाकट्याने स्वतःहून फोन स्पीकरला जोडला. एका ॲपचे पैसे भरून भजनं "डाउनलोड" करून आणली होती. पैशांची मुदत आदल्याच दिवशी संपलेली, गाणी यादीत दिसत होती पण वाजत नव्हती. मग फुकटवालं लावलं, तर भजनाच्या मधोमध कपडे धुवायच्या पावडरीची जाहिरात. पंगत हसायला लागली. नंतर टॉवरच गेला. ॲपमधलं डाउनलोड आपल्या मालकीचं नसतं, भरणं थांबलं की त्याला कुलूप लागतं, हे त्याला मी आधीच सांगितलं होतं. पुण्यात राहतो म्हणून ऐकायचं नाही, एवढंच.

असो. तुमचं काम तसं सोपं आहे. टेपच्या हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपच्या माइकच्या भोकात दोन्हीकडे पिन असलेली वायर, आणि ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. आवाजाची पट्टी लालपर्यंत जाऊ देऊ नका. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात. स्पीकरसमोर मोबाईल धरून रेकॉर्ड करू नका, पंखा आणि कुत्रीच जास्त येतात. थेट पेन ड्राइव्हवर उतरवणारं स्वस्त यंत्र मीही मागवलं होतं, गती डुलत होती, परत पाठवलं. कॅसेट लावायच्या आधी पूर्ण पुढे-मागे एकदा फिरवून घ्या. रिळावर पांढरी बुरशी दिसली तर लावूच नका, एका कॅसेटची बुरशी टेपच्या हेडला (पट्टी जिथे घासून वाजते तिथे) लागून पुढच्या सगळ्यांना लागते. आणि वरची भोकं बुजवलेली असतील तर ते बोळे आधी काढा, नाहीतर चुकून रेकॉर्डचं लाल बटण दाबलं गेलं की संपलं.

सीडींचं विचारलंत. घरी भरलेल्या असतील तर त्या आधी उतरवा, कॅसेटपेक्षा त्या लवकर दगा देतात. आमच्या लग्नाची सीडी आता अर्ध्यावर अडकते.

एक राहिलं. सगळ्याच ठेवा असं माझं म्हणणं नाही. त्या चाळीसातल्या विकतच्या सिनेमाच्या एकतीस कॅसेट मी ऐकून पाहिल्या आणि स्वतःच त्याच भंगारवाल्याला दिल्या. हे धाकट्याला अजून सांगितलेलं नाही.