ए की ॲन? अक्षर पाहू नको, आवाज ऐक

बेटा, तलाठी भरतीसाठी इंग्रजी हाती घेतलंस, फार बरं वाटलं. इंग्रजीत एका वस्तूच्या किंवा माणसाच्या नावाआधी ए (a) किंवा ॲन (an) लावतात. आता 'पहिलं अक्षर ए, ई, आय, ओ, यू दिसलं की ॲन' हा अर्धा नियम आधी सोडून दे. शब्द मोठ्याने म्हण. पहिला आवाज स्वराचा निघाला तर ॲन, व्यंजनाचा निघाला तर ए. म्हणून ॲन ऑरेंज, ॲन एकर, पण ए हेक्टर. 'अवर'च्या स्पेलिंगमधला एच मुका आहे, म्हणून ॲन अवर. युनिव्हर्सिटी यूने सुरू होते खरी, पण आवाज 'य'चा, म्हणून ए युनिव्हर्सिटी.

पोरं जास्त फसतात ती आद्याक्षरांत आणि आकड्यांत. एसटी म्हणताना तोंडातून आधी 'ए' हा स्वर निघतो, म्हणून ॲन एसटी बस. तसंच ॲन एमएलए. सातबारा मागताना ए सेव्हन-ट्वेल्व्ह एक्स्ट्रॅक्ट, पण आठ-अ मागताना ॲन एट-ए एक्स्ट्रॅक्ट, कारण एटची सुरुवात स्वराने होते.

खरं सांगू, आपल्याकडे ए-ॲनची अदलाबदल करण्यापेक्षा ते गाळण्याचीच चूक जास्त. 'माय फादर इज फार्मर' असं लिहितात. मराठीत 'वडील शेतकरी आहेत' एवढं पुरतं, इंग्रजीत 'इज ए फार्मर' हवंच. बोलताना हा ए बहुधा हलका 'अ' होतो, म्हणून ऐकूही येत नाही. अनेकवचनाला मात्र तो लावू नको. कापूस मोजत नाहीत, तोलतात, म्हणून 'ए कॉटन' नाही, 'ए क्विंटल ऑफ कॉटन' लिही.