जीनोमिक्समध्ये नव्याने येणाऱ्यासाठी

विश्लेषणाला हात घालण्याआधी एक गोष्ट तपास: तुझा डेटा कुठल्या संदर्भ-जीनोमवर (तुलनेसाठी वापरतात तो मानवी डीएनएचा प्रमाण क्रम) जुळवलेला आहे? त्याच्या जीआरसीएच३७ आणि जीआरसीएच३८ या दोन आवृत्त्यांमध्ये एकाच जागेचे क्रमांक वेगळे असतात. दोन्हींची सरमिसळ झाली तर प्रोग्राम तक्रार करेलच असं नाही, उत्तर मात्र चुकतं. माझे सुरुवातीचे तीन आठवडे असेच वाया गेले, म्हणून हे आधी सांगतोय.

मग नमुने. नोंदीत स्त्री लिहिलंय आणि एक्स गुणसूत्राचा डेटा पुरुषासारखा दिसतोय, तर आधी नळ्यांच्या अदलाबदलीचा संशय घे. रुग्णांचे सगळे नमुने एका खेपेत आणि निरोगी लोकांचे दुसऱ्या खेपेत सिक्वेन्स झाले (म्हणजे त्यांचा डीएनए वाचला गेला), तर दिसणारा फरक आजाराचा की खेपेचा, हे नंतर कितीही गणित करून सुटत नाही. त्यासाठी प्रयोग आखतानाच वाद घाल.

प्रत्येक माणसात संदर्भापेक्षा वेगळ्या ४० ते ५० लाख जागा सापडतात, बहुतेक निरुपद्रवी. त्यामुळे एखादा बदल दिसला की लगेच हुरळून जाऊ नकोस. तो एरवी लोकांत किती आढळतो ते नोमॅड या जनुकीय बदलांच्या सार्वजनिक डेटाबेसमध्ये बघ. आजाराशी जोडलेले बदल जीनोमभर शोधताना पी-मूल्याचा (खरा संबंध नसतानाही निव्वळ योगायोगाने असा निकाल दिसण्याची शक्यता) उंबरठा ०.०००००००५ ठेवतात, कारण एका वेळी सुमारे १० लाख स्वतंत्र चाचण्या झाल्याचं धरलं जातं.

आणि हो, आजवरच्या अशा जीनोमभर शोधाच्या अभ्यासांतले बहुसंख्य सहभागी युरोपीय वंशाचे आहेत. त्यांच्यावरून काढलेले आजाराच्या जोखमीचे गुण (स्कोअर) इतरांना लावले की अंदाज बराच ढासळतो. समोरचा माणूस त्या आकड्यावर विश्वास ठेवून निर्णय घेणार असतो, तेव्हा ही मर्यादा अहवालात पहिल्याच पानावर लिही.