भिंतीचे पोपडे, नळावरचा खार आणि पुराचा गाळ : तुमचे प्रश्न

गणपती गेले की रंगाच्या दुकानात गर्दी सुरू होते आणि माझ्याकडे प्रश्नपण तेव्हाच येतात. घरदुरुस्तीची कामं करून बरीच वर्षं झाली, पण एक गोष्ट अजून बघवत नाही, माणसं आधी डबा विकत आणतात आणि पाणी कुठून येतंय ते नंतर शोधतात. म्हणून यावेळी पहिल्या प्रश्नाला जरा जास्त वेळ देतोय.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं जुनं घर आहे, तळमजला. मागच्या दिवाळीला पुट्टी लावून भारीतला रंग दिला, आता जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत पोपडे निघायलेत आणि पांढरी पावडर येतेय. पेंटर म्हणतोय वरनं डॅम्पप्रूफचा कोट मारूया. मारू का?

ताई, थांबा, तो कोट मारू नका. ती पांढरी पावडर म्हणजे खार. जमिनीतलं पाणी विटांतून वर चढतं, दिव्याची वात तेल ओढते ना अगदी तसं, आणि येताना मातीतले क्षार घेऊन येतं. पाणी भिंतीतून उडून जातं, क्षार तिथंच राहतात, त्यांचे खडे होतात आणि ते रंगाला आतून ढकलतात. आता तुम्ही वरनं जाड कोट मारला तर पाणी थांबत नाही, त्याला बाहेर पडायची वाट बंद होते एवढंच, मग ते आणखी वर चढून मोकळी जागा शोधतं. मी सुरुवातीच्या दिवसात एका घरी हेच केलं होतं, दोन फुटांवरची ओल पुढच्या पावसाळ्यात चार फुटांवर गेली. त्या काकूंचे पैसे गेले याचं मला आजही वाईट वाटतं.

आधी ओल कसली ते बघा. हातभर प्लॅस्टिकचा कागद भिंतीवर ठेवून चारी बाजूंनी टेप लावा आणि दोन दिवसांनी काढा. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी असेल तर ओल भिंतीतली, खोलीकडच्या बाजूला असेल तर घरात हवा खेळत नाही म्हणून. दुसरं म्हणजे रात्री घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा, सकाळी कुणी नळ सोडायच्या आत परत बघा, आकडा पुढं गेला असेल तर कुठंतरी पाइप गळतोय. तिसरं, बाहेर जाऊन त्या भिंतीच्या बुडाशी बघा. बोळातली गटार तुंबलीय का, पत्र्याचं पाणी भिंतीलगत पडतंय का, अंगणात घातलेली फरशी घराकडं उतरती आहे का. निम्म्या घरांत दोष इथंच सापडतो आणि तो कमी खर्चात निघतो.

मग सुटलेली पुट्टी खरवडून काढा, खार कोरड्या ब्रशनं झाडा, पाण्यानं धुवू नका, धुतला की तो विरघळून परत आत जातो. आणि भिंत तशीच उघडी सोडा. दिसायला वाईट दिसतं, पाहुणे विचारतात, विचारू देत. दिवाळीच्या आधी रंगवायची आपल्याकडं पद्धत आहे पण चार महिन्यांचा पाऊस प्यायलेली भिंत तेव्हा सगळ्यात ओली असते, म्हणून तर वर्षात पोपडे येतात. एप्रिल-मेमध्ये रंगवा. तेव्हासुद्धा खालच्या तीन फुटांना पुट्टी आणि प्लॅस्टिक पेंट नको, चुना द्या. कळीचा चुना आदल्या दिवशी पाण्यात विझवून, गाळून, दुधाइतका पातळ करायचा, भिंतीवर आधी पाण्याचा हात मारायचा आणि पातळ तीन हात द्यायचे. पहिला हात लावल्यावर काहीच दिसत नाही, घाबरून जाड लावू नका, वाळल्यावर पांढरा होतो. चुना हवा जाऊ देतो त्यामुळं भिंत वाळत राहते. जुन्या ऑइलपेंटवर मात्र चुना धरत नाही, तो आधी खरवडावा लागतो. विझवताना चुना उकळतो आणि उडतो, चष्मा घाला, लोखंडी बादली घ्या, कळीत एकदम पाणी ओतू नका आणि पोरांना लांब ठेवा, डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते.

बोअरच्या पाण्यानं नळांवर आणि शॉवरवर पांढरा थर बसलाय. टॉयलेटचं ॲसिड लावलं तर नळ काळा पडला. काय करू? (राजारामपुरी)

काळा पडला म्हणजे वरचा चकचकीत मुलामा गेला, तो घरी परत येत नाही, दादा. बाकीचे नळ वाचवू. किराणा दुकानात लिंबूफूल मिळतं, सायट्रिक ॲसिडच असतं ते. पेलाभर कोमट पाण्यात एक मोठा चमचा टाका, त्यात जुनं फडकं भिजवून नळाला गुंडाळा, अर्धा तास ठेवा, जुन्या टूथब्रशनं घासून स्वच्छ पाण्यानं धुवा. शॉवरचं तोंड काढून त्याच पाण्यात बुडवा. थर जाड असेल तर दोन-तीन वेळा करा पण ॲसिडकडं जाऊ नका. मार्बलला आणि कडाप्प्याला लिंबूफूलही लावायचं नाही, पॉलिश जाते.

आणि एक हात जोडून सांगतो, ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एका बाथरूममध्ये एकाच वेळी कधीच वापरू नका. दोन्ही मिळून क्लोरीन वायू निघतो, दार बंद असलं तर छातीत भरतो आणि जीवावर बेततं.

किचनमधला एक्झॉस्ट फॅन आणि टाइल्स तेलानं चिकट झाल्यात, रविवारचा मटणाचा बेत चुकत नाही, लिक्विड कितीही वापरलं तरी निघत नाही.

धुण्याचा सोडा आणा, खायचा नाही. गरम पाण्याच्या मगात दोन चमचे, हातमोजे घालून टाइल्सवर लावा, दहा मिनिटं थांबा, मग पुसा. फॅनचा आधी स्विच बंद करून पिन काढा, पाती प्लॅस्टिकची किंवा लोखंडी रंगवलेली असतील तरच सोड्याचं पाणी, ॲल्युमिनियमची असतील तर ती काळी पडतात, त्यांना गरम पाणी आणि भांड्याचा साबण. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करायचे व्हिडिओ सगळे बघतात, फेस छान येतो पण दोन्ही एकमेकाला मारतात, उरतं ते जवळजवळ नुसतं पाणी.

पावसाळ्यात दार फुगून घासतं, रंधा मारून घेऊ का?

नको. आता मारला तर उन्हाळ्यात फट पडेल. घासतं तिथं मेणबत्ती चोळा आणि दिवस ढकला. मेमध्ये दार उतरवून वरच्या आणि खालच्या कडेला ऑइलपेंट द्या, सुतार तिथं कधी रंगवत नाहीत आणि पाणी तिथूनच शिरतं.

आमचं घर पंचगंगेच्या पुराच्या पट्ट्यात येतं. 2019 ला पाणी घरात आलं, 2021 ला परत आलं. दरवेळी फर्निचर करणं परवडत नाही. कमी खर्चात काय करता येईल?

हा प्रश्न वाचून जरा थांबलो. दोन्ही वेळेला मी बऱ्याच घरांत गाळ काढायला गेलोय, त्यामुळं जे बघितलंय तेच सांगतो.

पाणी उतरायला लागलं की गाळ त्याच्याबरोबरच बाहेर ढकला, खराट्यानं सारखा हलवत रहा. एकदा वाळला की तो फावड्यानं खणावा लागतो. त्याआधी मेन स्विच बंद हवा, आणि बोर्ड भिजला असेल तर वायरमननं तपासल्याशिवाय लाइट चालू करायची नाही, कितीही अडचण झाली तरी. पहिल्यांदा साबणाच्या पाण्यानं सगळं धुवा, मगच ब्लीचिंग पावडर, कारण घाणीत तिचा जोर संपतो. पंधरा लिटरच्या बादलीला तीन मोठे चमचे, फरशीवर दहा मिनिटं, मग धुवून काढा. दारं-खिडक्या उघड्या ठेवा. भिंतींना निदान पुढच्या उन्हाळ्यापर्यंत रंग लावू नका.

पुढच्यासाठी म्हणाल तर खाली प्लायवूडचं काही करू नका, ते एकदा भिजलं की फुगतं आणि फेकावंच लागतं. कडाप्प्याची मांडणी करा, धुतली की परत तशीच. कपाट लोखंडी घ्या, कपडे-कागदपत्रं माळ्यावर. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा पातळी आणि 43 फूट धोका पातळी असते, तुमच्या दारात पाणी कितव्या फुटाला येतं ते शेजारच्या जुन्या माणसांना माहीत असतं, तो आकडा दाराच्या मागं लिहून ठेवा म्हणजे बांधाबांध कधी सुरू करायची ते कळेल. आणि दोन्ही सालांची पाण्याची खूण भिंतीवर असेल तर सगळे बोर्ड जी खूण वर असेल तिच्या हातभर वर घ्या, वायरिंग वॉटरप्रूफ करून घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं. पेंटर आला की ती खूण पुसायला बघेल, पुसू देऊ नका.