मास्किंग टेप लावूनही रंग आत झिरपतो, आणि टेप काढताना खालचा रंगही उपटून येतो. काय चुकतंय? (फ्लॅट ऐरोलीत, हॉलची एक भिंत दोन रंगांत)

झिरपतो तो बहुतेक वेळा धुळीमुळे. पुट्टी घासल्यावरची पांढरी भुकटी ओल्या फडक्याने पुसा, भिंत सुकू द्या, मग टेप लावून कडेवरून जुनं एटीएम कार्ड दाबून फिरवा. खरी युक्ती पुढे आहे: टेपच्या कडेवर आधी खालच्याच रंगाचा पातळ हात मारा. जे झिरपायचं ते त्याच रंगाचं झिरपतं आणि फट बुजते. तो सुकला की नवा रंग. शेवटचा हात ओलसर असतानाच टेप 45 अंशात, स्वतःवर दुमडत, सावकाश ओढा. पूर्ण सुकू दिलात तर रंगाची साय टेपबरोबर सोलून येते.

खालचा रंग ताजा असेल तर निदान एक दिवस थांबा. ऐरोलीत पावसाळ्यात त्याहून जास्तच. ओल धरलेल्या भिंतीवर टेप नकोच, पोपडेच हातात येतील.

खिडकीच्या फ्रेमवर उन्हात दिवसेंदिवस ठेवू नका, गोंद तिथेच राहतो. राहिलाच तर थोडं खोबरेल तेल चोळा.

उरलेला तुकडा टाइलवर ड्रिल करताना लावा, बिट घसरत नाही. गळका पाइप किंवा वायर मात्र याने गुंडाळू नका, कागदच तो!